लक्ष्मीचा विश्वासू कारभारी : चिंतामणराव देशमुख

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आपली करवीरनगरी ही लक्ष्मीची नगरी. अंबाबाईचा इथे कायमचा वास. आणि आपले दत्तमहाराज दुपारच्या भिक्षेला येतात तेही याच नगरीत. पहाटेचे स्नान काशीला, भिक्षा करवीरात आणि निद्रा माहुरगडावर, हा त्यांचा नित्यक्रम आपण लहानपणापासून ऐकत आलो. लक्ष्मीच्या दारात येऊन महाराज मागतात काय, तर झोळीत मावेल एवढीच भिक्षा. उद्यासाठी म्हणून काही बांधून नेत नाहीत. लक्ष्मी शेजारी असावी आणि झोळी मात्र तेवढीच राहावी, हे कोणाला जमते?

मी पस्तीस वर्षे बँकेत नोकरी केली. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे, संध्याकाळी तिजोरी बंद करून किल्ली जमा करायची आणि स्वतःच्या पगारात घर चालवायचे. निवृत्त झालो, तेव्हा सकाळी दहा वाजले की हात आपोआप पिशवीकडे जायचा. कोणी साहेब म्हणेना, कोणी विचारीना. खरं सांगतो, पहिले काही महिने फार वाईट गेले. त्याच काळात चिंतामणराव देशमुखांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. बँकेत त्यांचे नाव नेहमी ऐकलेले, पण माणूस कळला तो तेव्हा. यंदाच्या जयंती अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला आणि मनात पहिले नाव हेच आले.

चिंतामणराव दत्तसंप्रदायातले होते असे मला म्हणायचे नाही. त्यांनी कोणाचा अनुग्रह घेतला होता काय, याची चर्चाही इथे नाही. पण संसारात राहून, साऱ्या देशाचा पैसा हाताळून झोळी लहान ठेवता येते, हे ज्यांच्या आयुष्यात दिसते, त्यांच्यात त्यांचे नाव घ्यावे लागेल. म्हणून हे स्मरण.

बालपण आणि शिक्षण

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, म्हणजे ऐन संक्रांतीच्या सुमाराचा. गाव नाते, रायगडाच्या पायथ्याचा महाड परिसर, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. वडील द्वारकानाथ वकिली करीत, आई भागीरथीबाई. सुरुवातीचे शिक्षण रोहा, तळा अशा गावांत झाले आणि पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. त्या यशाचे एवढे कौतुक झाले की राम गणेश गडकऱ्यांनी या मुलावर कविता केली.

पुढे ते विलायतेला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी विषय घेतले वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. पुढे आयुष्यभर रुपये-आणे-पैशांचा हिशोब पाहणारा हा माणूस शिकला झाडापानांचे शास्त्र. १९१७ साली पदवी मिळाली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही. झाडांची ती आवड शेवटपर्यंत टिकली. कोणत्याही पदावर असले तरी बागकाम हा त्यांचा विसावा होता.

१९१८ साली ते आयसीएसच्या परीक्षेला बसले. ही परीक्षा त्या वेळी फक्त लंडनमध्ये होत असे. त्यातही ते पहिले आले. त्याच सुमारास लोकमान्य टिळक लंडनला होते. तरुण चिंतामणाच्या मनात चलबिचल होती, की इंग्रजांची नोकरी करावी की देशाच्या चळवळीत उतरावे. ते टिळकांना भेटले, आणि टिळकांनी त्यांना नोकरी करायला सांगितले, असे सांगतात. उद्या स्वराज्य आले तर राज्यकारभार जाणणारी आपली माणसे लागतील, ती तयार व्हायला नकोत काय, असा त्या सल्ल्याचा मतलब होता. आपण दत्तभक्त मंडळी गुरूच्या आज्ञेचे मोल जाणतो. मनाला पटो न पटो, वडीलधाऱ्याने दाखवलेली वाट धरायची आणि तिच्यावर प्रामाणिकपणे चालायचे. चिंतामणराव त्या वाटेने चालले, आणि पुढे तीस वर्षांनी त्या सल्ल्याचा अर्थ साऱ्या देशाला कळला.

नोकरीची वर्षे

त्यांची नेमणूक मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली. जमाबंदी, महसूल, मग अर्थखाते असे करत ते वर चढत गेले. महसूल सचिव आणि अर्थ सचिव या जागा त्यांना फार तरुण वयात मिळाल्या. १९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली, तिच्या सचिवमंडळातही त्यांनी काम केले.

१९३९ च्या जुलैत त्यांचा रिझर्व्ह बँकेशी संबंध आला. बँक आणि सरकार यांच्यामधला दुवा म्हणून त्यांना नेमले. तीन महिन्यांत ते बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले आणि १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर. १९४३ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर जेम्स टेलर वारले. तोवर बँकेचे दोन्ही गव्हर्नर इंग्रज होते. हिंदी माणसाला एवढी मोठी तिजोरी सोपवावी की नाही, याचा विचार काही महिने चालला. शेवटी ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. वय सत्तेचाळीस.

त्या काळातली नोट कोणाच्या जुन्या पेटीत असेल तर काढून बघा. चित्र इंग्लंडच्या राजाचे आहे, आणि खाली सही आहे सी. डी. देशमुखांची. राजा परका, पण नोटेमागचा शब्द आपल्या माणसाचा.

काळ मोठा कठीण होता. दुसरे महायुद्ध चालू. बंगालात दुष्काळ. युद्धाच्या खर्चासाठी नोटा छापल्या जात होत्या, आणि युद्धाच्या वर्षांत देशातले नोटांचे चलन जवळजवळ सहापट झाले. नोटा वाढल्या, धान्य वाढले नाही. मग महागाई होणारच. आपल्या आजी-आजोबांनी रेशनच्या रांगा पाहिल्या, त्या याच काळातल्या.

त्याची दुसरी बाजूही होती. युद्धासाठी हिंदुस्थानातून माल गेला, माणसे गेली. त्याची किंमत इंग्लंडने रोख दिली नाही. ती लंडनला आपल्या नावावर पौंडांत जमा होत राहिली. युद्ध संपेपर्यंत ही बाकी शंभर कोटी पौंडांच्या वर गेली. कर्जदार देश सावकार झाला, पण सावकाराच्या हातात पैसा नाही, अशी अवस्था. हा पैसा बुडू नये, परत मिळावा, म्हणून जी बोलणी झाली त्यांत चिंतामणराव होते. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे मोठी परिषद भरली. तिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आल्या. तिथे आपल्या प्रतिनिधींमध्ये ते होते. गरीब देशांच्या गरजांचाही विचार झाला पाहिजे, हे आपल्या मंडळींनी तिथे लावून धरले. पुढे १९५० साली या दोन्ही संस्थांची वार्षिक सभा पॅरिसला झाली, तिचे अध्यक्षपद चिंतामणरावांकडे आले.

ठेवीचा धर्म

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि फाळणी झाली. भाऊ वेगळे झाले, पण काही महिने कारभारी एकच राहिला. ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानच्या चलनाचे कामही रिझर्व्ह बँकेकडेच होते. एकीकडे रक्तपात चालू, निर्वासितांचे लोंढे येताहेत, आणि दुसरीकडे दोन्ही घरांच्या वह्या एकाच टेबलावर. अशा वेळी बँकेचे काम खंड न पडता चालू ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. वाटणीच्या वेळी घराघरांत काय होते ते आपण पाहतोच. दोन खोल्यांच्या घरासाठी भाऊ कोर्टात जातात!

१ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. तोवर ती भागधारकांची बँक होती. त्याच वर्षी बँकांवर देखरेख ठेवणारा कायदाही झाला. या कायद्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या-माझ्या पासबुकाशी त्याचा संबंध आहे.

त्याआधी बँका साध्या कंपनी कायद्याखाली चालत. चार माणसे जमली, थोडे भांडवल गोळा केले की बँक उभी राही. संचालक आपल्याच धंद्याला कर्ज देत. बँक बुडाली की विधवेची पुंजी गेली, पोरीच्या लग्नाचे पैसे गेले, म्हाताऱ्याची काठी गेली. १९३८ साली दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन ही मोठी बँक अशीच बंद पडली, आणि तिच्या ठेवीदारांत हाहाकार झाला. नव्या कायद्याने बँक चालवायला परवाना लागू लागला. बँकेची तपासणी करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला मिळाला. ठेवीच्या प्रमाणात रोकड आणि रोखे राखण्याचे बंधन आले. सहकारी बँका १९६६ साली त्याच्या कक्षेत आल्या. आज एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले अशी बातमी आपण वाचतो आणि चिडतो. पण निदान कोणी बघणारा आहे, हे त्या कायद्याचे फळ. त्याची उभारणी झाली तेव्हा गव्हर्नरच्या खुर्चीत चिंतामणराव होते.

बँकेत आम्हाला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवली जायची. काउंटरवरचा पैसा हा पैसा समजायचा नाही, ती ठेव समजायची. ठेव म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू. आणि दत्त या शब्दाचा अर्थ तरी काय? दिलेला. अत्रिऋषींना देवाने स्वतःला देऊन टाकले, म्हणून तो दत्त. दिलेल्या गोष्टीवर मालकी सांगायची नसते, ती सांभाळायची असते. चिंतामणरावांनी देशाची ठेव अशी सांभाळली. आणि ३० जून १९४९ रोजी किल्ली पुढच्या माणसाच्या हाती देऊन ते बँकेतून बाहेर पडले.

अर्थमंत्री

त्यानंतर सरकारने त्यांना अमेरिका आणि युरोपात आर्थिक बाबींसाठी खास प्रतिनिधी म्हणून धाडले. १ एप्रिल १९५० पासून ते नियोजन मंडळाचे सदस्य आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या कुलाबा जिल्ह्यातूनच ते लोकसभेवर निवडून गेले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळात राबवली गेली.

त्या काळात खेड्यातल्या शेतकऱ्याच्या कर्जाची पाहणी झाली. काय आढळले? शेतकरी शंभर रुपये कर्ज काढत असेल तर त्यातले सत्तरच्या आसपास सावकाराचे, आणि सहकारी संस्थांचे जेमतेम तीन. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना हे नव्याने सांगायला नको. गुऱ्हाळाचा हंगाम येईपर्यंत सावकाराची पायरी चढायची आणि गूळ शाहूपुरीत पोचण्याआधीच त्याचे पैसे वळते झालेले! या पाहणीतूनच इंपीरियल बँकेची स्टेट बँक करण्याचा निर्णय झाला. १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक सुरू झाली, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचे बंधन तिच्यावर घातले गेले. तालुक्याच्या गावी बँकेची पाटी दिसू लागली ती तेव्हापासून.

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी चिंतामणरावांनी नभोवाणीवरून देशाला सांगितले, की आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत आहे. आधी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता, नाहीतर कागद आणि पैसा रातोरात इकडचा तिकडे झाला असता. देशी, परदेशी मिळून २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या सरकारच्या हाती आल्या. त्यातून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. पण त्या दिवशी चिंतामणराव अर्थमंत्री नव्हते. रोप लावले त्यांनी, फळ धरले तेव्हा बागेतून ते निघून गेले होते.

घेवड्याचा वेल

का गेले, ती गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे.

राज्यांची भाषावार पुनर्रचना चालली होती. मुंबईसह मराठी माणसाचे राज्य व्हावे ही आपली मागणी. मुंबईत नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९५६ मध्ये गोळीबार झाला, माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. इकडे कोल्हापूरही पेटले होते. भाई माधवराव बागलांसारखी आपली माणसे चळवळीत पुढे होती. मी तेव्हा शाळकरी पोर. वडील वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि गल्लीतली चार माणसे ओट्यावर बसून ऐकायची, एवढे डोळ्यांपुढे आहे.

चिंतामणरावांनी त्याच जानेवारीत राजीनामा देऊ केला. त्यांना थांबवून धरले गेले. त्यांनी अर्थसंकल्प मांडला, हातातली कामे मार्गी लावली. पुढे जूनमध्ये मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील असे पुन्हा सांगण्यात आले, तेव्हा मात्र ते थांबले नाहीत. जुलैत राजीनामा मंजूर झाला आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून त्यांनी आपले म्हणणे मांडले. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विश्वासात न घेता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप. पंतप्रधानांनी ते मान्य केले नाहीत. पण देशाच्या अर्थमंत्र्याने मराठी माणसासाठी खुर्ची सोडली, हे महाराष्ट्राच्या काळजात जाऊन बसले.

मधले सहा महिने ते का थांबले, असे तेव्हाही लोक विचारत, आजही विचारतात. ज्यांच्या घरातला मुलगा गोळीला बळी पडला, त्यांना तो उशीर वाटला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. मला बँकेतल्या माणसाच्या नजरेने एवढेच वाटते, की जबाबदार माणूस तिजोरी उघडी टाकून जात नाही. हिशोब पुरा करतो, किल्ली देतो आणि मग जातो. पण जातो हे खरे. पुष्कळजण हिशोब पुरा करण्याच्या निमित्ताने आयुष्यभर बसून राहतात.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली अमरापूरच्या दरिद्री ब्राह्मणाची कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. वाडीच्याच परिसरातली. दारात घेवड्याचा वेल. कोरान्न मिळाले नाही की त्याच्या शेंगा उकडून खायच्या आणि दिवस ढकलायचा. महाराज भिक्षेला आले, शेंगांची भाजी जेवले, आणि जाताना त्यांनी तो वेलच उपटून टाकला. बायको-पोरे रडू लागली. ब्राह्मण मुळी खणायला गेला तर खाली सोन्याने भरलेला हंडा. वेलाच्या आधाराने ते घर जगत होते, आणि त्या आधारामुळेच खालचे धन दिसत नव्हते.

निवृत्तीनंतर ही कथा मला वेगळीच कळली. आपली नोकरी, आपले पद, साहेब म्हणणारे शिपाई, हा सगळा घेवड्याचा वेल. तो उपटला की आपण रडतो. चिंतामणरावांनी स्वतःच्या हाताने तो उपटला, वयाच्या साठाव्या वर्षी, आणि खाली काय निघाले ते पुढच्या सव्वीस वर्षांत दिसले.

पद गेल्यावर

अर्थमंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोग कायद्याने स्थापन झाला तो त्याच वर्षी. १९५७ ते १९६० या काळात नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९५९ साली सरकारी सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ ही पाच वर्षे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीतले इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे राहिले ते त्यांच्या अध्यक्षतेखाली.

अपयशही आले. १९६९ साली ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले, विरोधी पक्षांच्या पाठिंब्यावर. गिरी निवडून आले, संजीव रेड्डी दुसरे आणि चिंतामणराव तिसरे. एवढ्या मोठ्या माणसाने त्या लढतीत पडायला नको होते, असे म्हणणारे आहेत. असो. हार झाली तरी त्यांचे काम थांबले नाही, हे महत्त्वाचे.

आणि त्यांचे खरे धन होते संस्कृत. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवून दिली ती विद्या त्यांनी नोकरीच्या गडबडीतही सोडली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या दिवसांतच कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद केला. गांधीजींच्या वचनांना संस्कृत श्लोकांचे रूप दिले. ते पुस्तक १९५७ साली निघाले, म्हणजे मंत्रिपद सुटल्याच्या पाठोपाठ. १९६८ साली स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह. आणि अमरकोशाचे काम पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत. मंडळी, निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणणाऱ्या आपणा सर्वांनी हे जरा मनावर घ्यावे. आपल्यापैकी कितीजणांचे गुरुचरित्राचे पारायण नोकरीत असताना राहून गेले आणि निवृत्तीनंतरही राहूनच गेले?

घर-संसार

चिंतामणरावांचा संसार दोनदा झाला. १९२० साली विलायतेत त्यांनी रोझिना या इंग्रज बाईंशी लग्न केले. एक कन्या झाली. त्या काळात अशा लग्नाकडे आपले लोकही नाक मुरडून पाहत आणि इंग्रज लोकही. १९४९ साली रोझिनाबाई वारल्या. रिझर्व्ह बँक सोडली तेही तेच वर्ष. म्हणजे एकाच वर्षी खुर्ची गेली आणि घरचे माणूसही गेले.

नियोजन मंडळात त्यांची दुर्गाबाईंशी गाठ पडली. दुर्गाबाई आंध्रच्या, राजमहेंद्रीच्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगलेल्या, घटना समितीच्या सदस्य, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. लहानपणी झालेले लग्न त्यांनी समजत्या वयात सोडून दिले होते आणि शिक्षण, वकिली, समाजकार्य यांत जन्म घातला होता. २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांचे लग्न झाले. साक्षीदारांत स्वतः पंडित नेहरू होते. नवरा सत्तावन्न वर्षांचा, बायको त्रेचाळीसची. एकाची भाषा मराठी, दुसरीची तेलुगू.

त्या वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. घरात एक अर्थमंत्री आणि एक समाजकल्याणाचे काम पाहणारी, म्हणजे एक तिजोरी राखणारा आणि एक गरिबांसाठी मागणारी! अशा घरात काय बोलणी होत असतील ती आपण आपल्या घरावरून ताडावी. पुढे दुर्गाबाईंनी पतीच्या आणि आपल्या सहजीवनावर पुस्तक लिहिले, त्याला नावही दोघांचेच दिले. १९७५ साली पद्मविभूषण मिळाले तेही दोघांना एकाच वर्षी.

शेवटची वर्षे दोघे हैदराबादला होते. तिथे दुर्गाबाईंच्या संस्था होत्या. रायगडाच्या पायथ्याचा हा माणूस पत्नीच्या गावाला आपले गाव मानून राहिला. आपल्याकडे बायकांनी सासरी जाऊन राहायचे असते, त्याचे कोणी कौतुक करत नाही. इथे उतारवयात पुरुष तसा राहिला, हेही लक्षात ठेवावे. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. चिंतामणराव त्यानंतर दीड वर्षही राहिले नाहीत. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीला, हैदराबादमध्ये त्यांनी देह ठेवला. वय शहाऐंशी.

औदुंबरातळी

वाडीला गेलो की मी पादुकांचे दर्शन घेऊन औदुंबराखाली थोडा वेळ बसतो. या झाडाला फूल दिसत नाही, एकदम फळच दिसते. खरे तर फुले असतात, पण ती फळाच्या आत दडलेली. हे चिंतामणरावांना वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षीच कळले असणार. मला वाटते त्यांचे आयुष्यही तसेच होते. आज बँकेत पैसे ठेवून आपण रात्री निवांत झोपतो, विम्याचा हप्ता भरतो, तालुक्याच्या शाखेतून पेन्शन उचलतो. ही सगळी फळे हाताशी आहेत. त्यांच्या आत कोणाची किती वर्षे दडली आहेत, ते दिसत नाही.

परवा नातवाने विचारले, आजोबा, तुम्ही बँकेत होता, मग तुम्ही श्रीमंत का नाही? मी हसलो. त्याला म्हटले, तो पैसा माझा नव्हता रे बाळा, मी फक्त सांभाळायला होतो. त्याला किती कळले कोण जाणे. पण बोलता बोलता माझे मलाच बरे वाटले. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यांत जे टोचत होते, ते आता टोचत नाही.

घर, पैसा, मुले-नातवंडे, हे सारे महाराजांनी सांभाळायला दिलेले. दिले तोवर नीट सांभाळावे, हिशोब चोख ठेवावा, आणि किल्ली मागितली की हात थरथरू न देता द्यावी. दत्तजयंतीला पाळणा हलवताना महाराजांपाशी मी यंदा एवढेच मागणार आहे. आपणही मागावे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥